सहभागी क्रमांक सात

शेवट आधीच सांगून टाकलेला बरा, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. समितीनं आराखडा मंजूर केला. झिरकावासच्या जोहडाकडे, म्हणजे तिथल्या गावतळ्याकडे, जाणारी वाट तारेचं कुंपण घालून कायमची बंद झाली आणि दिवाळीच्या आत संतरोनं आपल्या दोन्ही म्हशी विकून टाकल्या. झालं ते एवढंच. आता यातलं काहीच झालेलं नाही असं धरून चालू. सुधन्वाही त्या सोमवारी सकाळी तसंच धरून चालला होता आणि त्याला ते मुळीच जड जात नव्हतं.

सोमवार होता दोन हजार दोन सालच्या ऑक्टोबरमधला. गुडगावातल्या एका काचेच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर सुधन्वा आपल्या जागी बसला होता. बाहेर चांगलं ऊन होतं, पण काचा निळ्या असल्यामुळे आतून कायम आभाळ भरून आल्यासारखं दिसायचं आणि नवीन आलेली माणसं पहिल्या आठवड्यात छत्र्या आणायची. खाली एक बाजरीचं शेत अजून शिल्लक होतं. त्याच्या मधोमध लवकरच इथे काय होणार आहे त्याची पाटी होती आणि पाटीच्या सावलीत शेतकरी जेवायला बसायचा. सुधन्वाची कंपनी आराखडे करायची. गेल्या वर्षापर्यंत ती मॉलच्या पार्किंगचे आराखडे करत असे. मग दोन हजार दोन हे पर्यावरण-पर्यटनाचं आंतरराष्ट्रीय वर्ष आहे अशी बातमी आली आणि अंकुरनं, म्हणजे सुधन्वाहून पाच वर्षांनी लहान असलेल्या त्याच्या साहेबानं, सगळ्यांना बोलावून सांगितलं, "सेम चीज़ है यार. पार्किंग ही है, बस पेड़ ज़्यादा हैं." तेव्हापासून सुधन्वा अभयारण्यांचे आराखडे करत होता. 'झिरकावास अभयारण्य : लोकसहभागातून पर्यावरण-पर्यटन' हा त्याचा पहिला आराखडा, पानं एकशे सेहेचाळीस. त्यात गाभा क्षेत्र हिरव्या रंगात होतं, बफर क्षेत्र पिवळ्यात, आणि जोहडाभोवतीचा शांतता पट्टा निळ्यात. शांतता पट्ट्यात पर्यटकांनी बसून पक्षी बघायचे होते. पट्ट्यातून एक बारीक तुटक रेघ आरपार गेली होती, ती गावाची वाट.

साडेअकराला टेबलावरचा फोन वाजला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर, झिरकावास से एक लेडी आई हैं. नाम पूछा तो कहती हैं, सात नंबर."

लिफ्ट थांबते आणि पोट मात्र आणखी अर्धा मजला खाली जाऊन येतं, तसं त्याला झालं. तेवढंच. हल्ली त्याला काही व्हायचं ते एवढंच व्हायचं. पाच-सहा वर्षांपासून त्याच्या लक्षात आलं होतं की गोष्टी आपल्यापर्यंत येतात त्या कार्बन पेपरखालच्या तिसऱ्या प्रतीसारख्या. अक्षरं लागतात, पण कुणी दाबून लिहिलं होतं की नाही ते कळत नाही. त्यानं याबद्दल डॉक्टरांना विचारलंही होतं. डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्ह दिलं. आता रिसीव्हर कानाला लावून तो सात नंबर म्हणजे कोण याचा विचार करत होता असं नाही, ते त्याला लगेच कळलं होतं. त्याला नवल वाटत होतं ते सात नंबरला पाय असल्याचं. फेब्रुवारीत एका दुपारी याच खुर्चीत बसून त्यानं सात नंबर तयार केला होता आणि तेव्हा पाय देण्याचं काही कारण नव्हतं.

झालं होतं असं, की झिरकावासच्या ग्रामस्थांची सल्लामसलतीची बैठक मार्चच्या अकरा तारखेला ठरली होती आणि त्या बैठकीचं इतिवृत्त सुधन्वानं फेब्रुवारीच्या सव्वीस तारखेला लिहून ठेवलं होतं. यात त्याला काही गैर वाटलं नाही, कारण तो लहानपणापासून हेच बघत आला होता. त्याचे वडील, विलासराव, केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले की ते जेवणाच्या टेबलावर मंगळवारच्या मीटिंगचे मिनिट्स लिहायला बसत. सुधन्वा आठ वर्षांचा असताना त्यानं विचारलं होतं, "पण बाबा, मीटिंग तर परवा आहे ना?" बाबा म्हणाले होते, "म्हणून तर. मीटिंग झाल्यावर लिहायला बसलं की लोक काय काय बोलले ते आठवत बसावं लागतं." बाबांचे मिनिट्स साऱ्या खात्यात नावाजलेले होते. लोक मीटिंगला येत, आपण काय बोललो ते वाचत, आणि बहुतेकदा तेच बोलत. कारण बाबांनी त्यांना त्यांच्यापेक्षा बरं बोलायला लावलेलं असे. घरातही तीच रीत. सुधन्वासाठी मैत्रेयीला बघायला गेले तेव्हा बाबांच्या खिशात त्या कार्यक्रमाची टिपणं तयार होती आणि त्यात 'मुलीकडून दिल्लीच्या थंडीबाबत शंका. निरसन झाले' असं होतं. मैत्रेयी खरं तर सगळ्या वेळात एकदाच बोलली होती, पंखा जरा कमी करता का म्हणून. पण आज इतक्या वर्षांनी तिला विचारलं तर तीही थंडीचंच सांगते.

बाबांचा एक नियम होता आणि सुधन्वानं तो वारसाहक्कानं घेतला होता. इतिवृत्तात एक आक्षेप असावा. सगळेच हो म्हणाले असं लिहिलं की वाचणाऱ्याला संशय येतो. एक आक्षेप यावा, रीतसर यावा, आणि चर्चेअंती मागे घेतला जावा. म्हणून फेब्रुवारीतल्या त्या दुपारी सुधन्वानं झिरकावासचा नकाशा समोर पसरला आणि आक्षेप कशाला असू शकेल ते शोधू लागला. निळ्या पट्ट्यातून जाणारी ती तुटक रेघ त्याला चटकन दिसली. इथून गुरं जात असणार, असं त्याच्या मनात आलं. मग ती कुठून जातील? दुसरीकडून म्हणजे हायवेनं. त्यानं पेन्सिलनं मोजलं, चार किलोमीटर भरलं. म्हशींना ते झेपायचं नाही असंही त्याला वाटलं, आणि मग आक्षेप मिळाल्याचं समाधान होऊन त्यानं चहा मागवला. महिलांच्या रकान्यात तोवर कुणी नव्हतं, तेव्हा त्यानं टाइप केलं : 'सहभागी क्र. ७ (महिला) यांनी जोहडाकडे जाणाऱ्या वाटेबाबत आक्षेप घेतला. प्रकल्पाचे लाभ समजावून सांगितल्यावर त्यांनी तो स्वखुशीने मागे घेतला.' स्वखुशीने हा शब्द त्यानं नंतर घातला. त्यामुळे वाक्य दोन ओळींत नीट बसलं.

प्रत्यक्ष बैठक बारा मिनिटं चालली. अंकुर टाटा सुमोच्या पुढच्या सीटवर बसून फोनवर बोलत होता आणि सुधन्वा चौपालच्या, म्हणजे तिथल्या चावडीच्या, ओट्यावर शाईचा पॅड घेऊन उभा होता. गावात समुदाय नव्हता. आराखड्यात समुदायाच्या तरुणांना निसर्ग-मार्गदर्शकाचं प्रशिक्षण द्यायचं होतं, पण समुदायाचे तरुण पहाटे कंपनीच्या बसनं मानेसरला जाऊन गाड्यांना आरसे बसवत होते. मागे उरले होते ते म्हातारे, बायका आणि हुक्के. म्हाताऱ्यांना शेजारच्या गावी लग्नाला जायचं होतं, त्यांनी उभ्या उभ्या अंगठे दिले. सहा अंगठे झाले. सातवा होईना. तेवढ्यात पिवळ्या ओढणीची एक बाई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन तिथून चालली होती. ती थांबली आणि तिनं विचारलं, हे लोक पोलिओवाले का? सुधन्वानं नाही म्हटलं, हे पर्यटनवाले आहेत म्हणून सांगितलं, आणि पॅड पुढे केला. बाईनं भारा उतरवला, अंगठा शाईत बुडवला आणि कागदाच्या वर तसाच धरून ठेवला.

"मैं के बोली इसमें?" तिनं विचारलं.

"आपने रास्ते की बात उठाई," सुधन्वा म्हणाला.

"फेर?"

"फिर आप मान गईं."

बाई हसली. चौपालवरचे म्हातारेही हसले. "मैं मान गी?" ती म्हणाली. "मन्नै तो मेरा आदमी चाळीस साल में ना मना सक्या." आणि तिनं अंगठा टेकवला, जरा जोरातच. इतिवृत्तात सगळ्यात ठसठशीत उमटला तो तिचाच. तिचं नाव संतरो, हे सुधन्वाला तेव्हा कळलं नाही, कारण रकाना क्रमांकाचा होता, आणि तिलाही त्यानं 'सात नंबर' एवढंच सांगितलं होतं.

आता संतरो रिसेप्शनच्या सोफ्याच्या अगदी कडेला, म्हणजे बसली आहे की उठते आहे ते कळू नये अशा बेतानं, बसली होती. जोडे तिनं काचेच्या दाराबाहेर काढून ठेवले होते आणि दाराजवळचा गार्ड त्या जोड्यांकडे बघत ते उचलावेत की त्यांनाही पास द्यावा अशा पेचात उभा होता. तिच्या गळ्यात तेवीस क्रमांकाचा अभ्यागताचा पास अडकवला होता. "राम राम," ती म्हणाली, आपलं नाव संतरो असं सांगितलं, आणि पासाकडे बोट दाखवून पुढे म्हणाली, "उत मैं सात थी, इत तेईस हो गी." सुधन्वा हसला. आपण हसलो हे त्याला समोरच्या स्टीलच्या खांबात दिसलं.

ती गावाहून शेअर ऑटोनं मानेसरला आली होती, तिथून बसनं इथवर. पत्ता तिला कुंपणावरच्या पाटीवर मिळाला. कुंपण महिन्यापूर्वीच उभं राहिलं होतं. मंजुरी बुधवारी मिळायची होती, पण मिळणार हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ठेकेदारानं तात्पुरते खांब आधीच रोवले होते. पाटीवर सूचनांचं स्वागत आहे असं इंग्रजीत लिहिलं होतं आणि खाली कंपनीचं नाव आणि पत्ता होता. तिच्या मुलानं तिला ते वाचून दाखवलं होतं, म्हणूनच ती सूचना घेऊन आली होती. सूचना साधी होती. तिच्या दोन म्हशी. जुन्या वाटेनं जोहड घरापासून हाकेच्या अंतरावर. आता हायवेनं वळसा घालून जायचं तर त्यातली भूरी डांबरावर पाय ठेवत नाही. ठेवला तर रस्त्याच्या मधोमध बसते. ट्रक भोंगे वाजवतात आणि ती कान हलवते. मग संतरोही तिच्याशेजारी रस्त्यावर बसते, कारण दोघी बसलेल्या दिसल्या तर ट्रकवाला जरा दुरून थांबतो. मागच्या मंगळवारी एक थांबला तो इतक्या जवळ, की भूरीच्या पाठीला त्याच्या बॉनेटची ऊब लागली. पाण्यात बसायला मिळालं नाही की म्हैस आटते. मुलगा म्हणतो, विकून टाक आणि मानेसरला खोलीवर ये. त्या खोलीत तो आणखी तिघांबरोबर राहतो, पाळीपाळीनं झोपतात. तिथे जाऊन मी सकाळी कशासाठी उठू, असं तिनं विचारलं. ते सुधन्वाला विचारलं होतं असं नाही, पण समोर तोच होता.

"तन्नै लिख्या ना, मैं मान गी थी?" ती म्हणाली. "तो इब कोन्या मानती. म्हारी बात मन्नै वापस दे दे."

"परसों कमिटी है," सुधन्वा म्हणाला. "मैं उसमें बोल दूँगा. रास्ता खुला रहेगा तो नक्शे में बस इतना सा बदलना है." त्यानं अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये साधारण तीन मिलिमीटर अंतर धरून दाखवलं. ते खरंही होतं. निळा पट्टा तीन मिलिमीटर पूर्वेकडे सरकवला असता तर वाट बाहेर राहिली असती आणि पक्ष्यांनाही पत्ता लागला नसता.

"बोलैगा?"

"बोलूँगा."

ती उठली. काचेच्या दारापर्यंत गेली, जोडे घातले आणि मग दार अर्धं उघडं धरून, म्हणजे इमारतीचा सगळा गारवा बाहेर जाऊ देत, तिनं विचारलं, "एक बात बता. मैं तो कुछ बोली भी ना थी. तन्नै क्यूँकर बेरा था, म्हारा रास्ता रुकैगा?" तुला कसं कळलं होतं? गार्ड म्हणाला, "अम्माजी, एसी चल रहा है." ती गेली.

पाचव्या मजल्यावर परत जाताना तो लिफ्टच्या आरशाकडे पाठ करून उभा राहिला. तिला काहीच माहीत नव्हतं. चौपालवर कुणालाच माहीत नव्हतं, नकाशा कुणी पाहिलाच नव्हता. साऱ्या प्रकल्पात ही वाट अडणार आहे, म्हशींना हायवे झेपणार नाही, हे माहीत असलेला माणूस एकच होता. तर आक्षेप त्याचा होता. तो आला होता त्याला, नकाशावर पेन्सिल ठेवल्या ठेवल्या, चहाच्या आधी. आणि आल्याबरोबर तो त्यानं एका बाईच्या नावावर केला, बाईलाही नाव दिलं नाही, आणि तिच्याकरवी मागे घेववला. हे कळल्यावर माणसाला काहीतरी व्हायला हवं, असं त्याला वाटलं. तो वाट बघत राहिला. लिफ्टनं चौथा मजला दाखवला, पाचवा दाखवला, दार उघडलं आणि मिटलं, कारण तो उतरलाच नाही, आणि लिफ्ट त्याला घेऊन पुन्हा खाली गेली. तळमजल्यावर गार्डनं त्याला सलाम केला. तोही हात वर करून पुन्हा वर गेला.

अंकुरनं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला लोकसहभाग मनापासून आवडायचा, त्यानं केबिनमध्ये वारली चित्राची चौकट लावली होती. "एक मिनट," तो म्हणाला, "एक भैंस मतलब कितने टूरिस्ट?"

हे आराखड्यातच होतं. जागेला झेपेल तेवढीच माणसं सोडायची म्हणून वहनक्षमता काढावी लागते, आणि त्यात गुरांचंही वजन धरावं लागतं. "तीन," सुधन्वा म्हणाला.

"तो दो भैंस, छह टूरिस्ट. रोज़ के. सोच यार."

"पण वाट त्यांची आहे," सुधन्वा मराठीत म्हणाला. तो गोंधळला की मराठीत बोलायचा. मग त्यानं हिंदीत सांगितलं.

"बिल्कुल उनकी है," अंकुर म्हणाला. "कौन मना कर रहा है? लेकिन ऑब्जेक्शन लिया, वापस किया, अब वापस किया हुआ वापस चाहिए. इसका फॉर्मॅट क्या होगा? और बुधवार के मिनट्स तो मेंबर्स को जा भी चुके. तुम्हीं ने तो लिखे हैं."

ते खरं होतं. बुधवारच्या समितीचं इतिवृत्तही सुधन्वाच्याच कॉम्प्युटरवर होतं, गुरुवारच्या तारखेनं. विषय क्रमांक चार : 'आराखड्यास मंजुरी देण्यात आली. सल्लागारांना अधिक काही सांगावयाचे आहे काय, असे मा. अध्यक्षांनी विचारले असता त्यांनी नकारार्थी उत्तर दिले.' आक्षेप विषय क्रमांक दोनला आधीच घालून झालेला असल्यामुळे चारमध्ये जागा नव्हती. "फिर भी बोलना है तो बोल," अंकुर म्हणाला. "तेरे को कौन रोकेगा? चेअरमन पूछेंगे, तू बोल देना." तो हे अगदी मोकळेपणानं म्हणाला. सुधन्वाला वाटलं, खरंच कुणी अडवलेलं नाही. हे लक्षात येऊन त्याला जरा थंडी वाजली, की एसीमुळे वाजली, ते त्याला ठरवता आलं नाही.

संध्याकाळी घरी बाबा जेवणाच्या टेबलावर बसून पत्र लिहीत होते. लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून शहाण्णव साली सगळे इथे, गुडगावच्या सेक्टरातल्या तिसऱ्या मजल्यावर, राहायला आले, तेव्हापासून बाबा सोसायटीला पत्रं लिहीत. ती मराठीत लिहीत. सोसायटीत मराठी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. सुधन्वानं एकदा हे त्यांच्या नजरेस आणून दिलं, तर ते म्हणाले, "अर्ज वाचला जाण्यासाठी नसतो, तो दिलेला असण्यासाठी असतो." मैत्रेयी नुकतीच सरोजिनी नगरहून आली होती. ती तिथल्या एका शाळेत शिकवायची आणि येताना बाजारातून सुधन्वासाठी स्वेटर घेऊन यायची. यंदाचा हा तिसरा. तो स्वेटर अंगाला लावून बघत असताना सुधन्वानं विचारलं, "क्वार्टर सोडलं त्या दिवशी आई दारात काय म्हणाली होती गं?"

कुठून आलं हे, ते त्यालाही कळलं नाही. टेम्पो भरला होता, बाबा किल्ल्यांची पावती मागत होते, आणि आई, चंद्रप्रभा, मागच्या अंगणातल्या कढीलिंबापाशी उभी राहून, हाताला पानांचा वास घेऊन दारात आली होती. सत्तावीस वर्षं ती त्या क्वार्टरमध्ये राहिली होती. तिनं कुलपाकडे बघत काहीतरी म्हटलं. तिचे ओठ हललेले त्याला आता लख्ख दिसत होते, वरच्या ओठावरचा घामही दिसत होता. पण वाक्य जे ऐकू येत होतं ते त्याचंच होतं. आदल्या रात्रीपासून त्यानं ठरवून ठेवलं होतं की आई म्हणेल, बरं झालं, नवी जागा मोकळी आहे. म्हणजे मग बाबांना वाईट वाटणार नाही, आणि त्यालाही नाही. टेम्पोत बसल्याबरोबर त्यानं सगळ्यांना सांगितलंही, आई म्हणते जागा मोकळी आहे. आई टेम्पोत पुढच्या बाजूला बसली होती, तिनं मागे वळून बघितलं होतं. दीड वर्षानं ती गेली. त्या मोकळ्या जागेत, सकाळी सव्वादहाला, कणीक मळताना.

"मोकळी जागा आहे म्हणाल्या ना," मैत्रेयी म्हणाली. "तूच तर सांगत होतास."

"मी सांगितलं ते नको. तू तिथेच होतीस ना? ती काय म्हणाली?"

मैत्रेयीनं स्वेटर खाली घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. "अरे, सहा वर्षं झाली. मला कसं आठवेल? बाह्या आखूड होतायत का रे तुला?"

त्यानं बाबांकडे बघितलं. बाबांनी पत्रातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "मी लिहून ठेवलंय ते. जागा मोकळी आहे." आणि पुन्हा लिहू लागले. सुधन्वानं स्वेटर घातला. तो बरोबर बसला. अंगाला बसतो आहे एवढं त्याला कळत होतं, पण ऊब येत होती का, ते कळत नव्हतं. अर्थात ऑक्टोबरमध्ये ऊब येण्याचं कारणही नव्हतं. हातांना मात्र कढीलिंबाचा वास आहे की काय, असं वाटून त्यानं ते नाकाशी नेले. आले-लसणाच्या पेस्टचा वास आला. ती त्यानंच मघाशी काढून दिली होती.

बुधवारी समितीची बैठक दिल्लीत एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. चार्टर्ड बसमध्ये सुधन्वा खिडकीशी बसला आणि सबंध वेळ एकच वाक्य मनात म्हणत होता. सर, वाट खुली ठेवावी, पट्टा तीन मिलिमीटर पूर्वेकडे घ्यावा. वाक्य सोपं होतं, त्यात कर्ता-कर्म-क्रियापद सगळं होतं. धौला कुआँला बस अडकली तेव्हा ते त्याला पाठ झालं. पुढे पुढे ते इतकं गुळगुळीत झालं की त्याचा अर्थ निघून गेला आणि नुसता ठेका उरला, आणि मग त्याला भीती वाटली की हेही वाक्य आपण आधीच लिहून ठेवलं आहे. मग त्यानं ते सोडून दिलं आणि ठरवलं की त्या वेळी जे सुचेल ते बोलायचं. हे त्यानं आयुष्यात कधीच केलं नव्हतं. गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी पहिल्या प्रतीवर उमटल्यासारखं झालं, आणि तेवढ्यात त्याचा स्टॉप आला.

लांब टेबल, अकरा सदस्य, प्रत्येकापुढे एक पाण्याची बाटली, एक कोरा पॅड आणि गुरुवारच्या तारखेचं इतिवृत्त. सदस्य इतिवृत्त वाचून त्याप्रमाणे बोलत होते. एकानं आपल्या वाट्याची ओळ चुकून दोनदा म्हटली, दुसऱ्यानं त्याला हळूच सावरलं. विषय चार आला. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला, कागदावर बोट ठेवलं आणि मान वर करून थेट सुधन्वाकडे बघितलं. "कंसल्टेंट साहब, आपको कुछ ऐड करना है?"

सुधन्वानं तोंड उघडलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि उगारलेलं असं काही त्यांच्या बघण्यात अजिबात नव्हतं. कुणी त्याला दटावत नव्हतं. अंकुर तर उत्सुकतेनं किंचित पुढे झुकला होता. सुधन्वाला भूरी दिसली, रस्त्याच्या मधोमध बसलेली, कान हलवणारी, आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसलेली संतरो, आणि दोघी त्याच्या बोलण्याची वाट बघत होत्या. मग त्याची नजर समोरच्या कागदावर गेली. तिथे त्याचं उत्तर होतं. सुबक टाइप केलेलं, दोन ओळींत नीट बसलेलं. बाहेर निघताना कुणी मागून कोट धरावा आणि हात आपोआप बाह्यांत जावेत, तसं झालं.

"जी नहीं," तो म्हणाला.

अध्यक्षांनी मान हलवली आणि कागदावर बरोबरची खूण केली. सामोसे आले. विषय पाच सुरू झाला, तो पुढच्या बैठकीच्या तारखेबद्दल होता. सुधन्वानं कोरा पॅड पुढे ओढला आणि लिहायला लागला. मराठीत, कारण अर्ज त्याला त्याच भाषेत येत होता, बाबांच्या. खोलीतल्या अकरा जणांपैकी कुणालाही तो वाचता येणार नव्हता. अंकुरनं वाकून बघितलं आणि विचारलं, "क्या लिख रहा है यार?" "मिनट्स," सुधन्वा म्हणाला. अक्षर चांगलं येत होतं. लिहून झाल्यावर त्यानं पान फाडून शेजारच्या सदस्याकडे सरकवलं, त्यानं ते न बघता पुढे सरकवलं, आणि ते हातोहात अध्यक्षांपर्यंत गेलं. तिथे त्यांनी सामोशाची बशी उचलून त्यावर ठेवली. बशीबाहेर राहिलेल्या आणि बशीखालच्या मजकुरासकट तो अर्ज असा होता :

प्रति, मा. अध्यक्ष, सल्लागार समिती.
विषय : बैठक घेण्याबाबत.
महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, मौजे झिरकावास येथील दि. ११ मार्च रोजीच्या बैठकीत सहभागी क्र. ७, श्रीमती संतरो, यांनी मागे घेतल्याचे नमूद असलेला आक्षेप त्यांचा नसून निम्नस्वाक्षरीकाराचा होता, व तो त्याने अद्याप घेतलेला नाही. सबब विनंती की, सदर बैठक नव्याने, प्रत्यक्ष, जोहडाच्या काठी, म्हशी पाण्यात असताना घेण्यात यावी. बैठकीपूर्वी कोणतेही इतिवृत्त तयार करण्यात येऊ नये. आणि सदर बाई काय बोलतील हे त्या बोलून होईपर्यंत निम्नस्वाक्षरीकारासह कोणासही ठाऊक नसावे, अशी व्यवस्था शासनस्तरावरून करण्यात यावी.